वाद्य शिकून काय मिळते?

आपल्या मंदिर-परिवारातील पुष्कळशा घरांत कोठे ना कोठे एखादे वाद्य असते. कोणाच्या माळ्यावर बाजाची पेटी, कोणाच्या बैठकीच्या खोलीत गवसणी घातलेला तंबोरा, तर कोणाच्या पलंगाखाली तबल्याची जोडी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात येऊन भोपाळ त्याची राजधानी झाली, तेव्हा सरकारी नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून कित्येक मराठी कुटुंबे येथे आली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे आणखी आली. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैनकडील मंडळींचे तर येथे पूर्वीपासूनच जाणे-येणे होते. या साऱ्यांच्या बिऱ्हाडाबरोबर भांडीकुंडी आली, देव आले, तशीच वाद्येही आली. आज मात्र त्यांतील बहुतेक मुकी आहेत.

ती मुकी का झाली याचे कारण शोधावयास लांब जावे लागत नाही. एखादा मुलगा नववीतून दहावीत गेला की पहिली गदा येते ती त्याच्या तबल्यावर. ‘यंदाचे वर्ष महत्त्वाचे, आधी अभ्यास, मग हे सारे,’ असे घरातील वडील मंडळी सांगतात, आणि ते ‘मग’ पुढे फारसे उगवत नाही. या निर्णयामागे एक प्रश्न दडलेला असतो. वाद्य शिकून काय मिळते? हा प्रश्न विचारणाऱ्या आई-बापांना अरसिक म्हणून हिणवणे योग्य होणार नाही. शिकवणीची फी त्यांना भरावयाची असते आणि मुलाच्या भवितव्याची काळजीही त्यांनाच वाहावयाची असते. तेव्हा त्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले पाहिजे. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न करावयाचा आहे.

या प्रश्नाला हल्ली एक तयार उत्तर मिळते. वाद्य शिकल्याने बुद्धी तल्लख होते, गणित सुधारते, स्मरणशक्ती वाढते आणि परिणामी परीक्षेत गुण अधिक मिळतात, असे ते उत्तर आहे. शिकवण्या चालविणारे ते सांगतात आणि पालकही आनंदाने मान्य करतात, कारण त्यामुळे खर्चाचा हिशेब जुळतो. परंतु हे उत्तर कितपत खरे आहे, ते आधी तपासून पाहू.

१९९३ साली ‘नेचर’ या विख्यात शास्त्रीय नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराची एक रचना दहा मिनिटे ऐकवली असता, आकृत्यांची मनातल्या मनात उलटापालट करण्याच्या चाचणीत त्यांची कामगिरी थोडी सुधारली, आणि तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला, एवढेच त्यात म्हटले होते. तथापि एवढ्याशा बीजातून केवढा वृक्ष उभा राहिला! अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या राज्यपालांनी तर १९९८ साली प्रत्येक नवजात बालकाच्या घरी संगीताची ध्वनिमुद्रिका पाठविण्याची योजना मांडली. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तो परिणाम कित्येकांना आढळलाच नाही.

आता केवळ ऐकणे सोडून प्रत्यक्ष शिकण्याकडे वळू. कॅनडातील ग्लेन शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली सहा वर्षांच्या १४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना वर्षभर कळफलकाचे वाद्य शिकविले, काहींना गायन, काहींना नाट्य, आणि काहींना काहीच नाही. संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांहून किंचित अधिक वाढला, हे खरे. परंतु लोकांशी वागण्या-बोलण्यातील सुधारणा दिसली ती नाट्य शिकलेल्या मुलांत. संगीत शिकलेल्यांत ती दिसली नाही. त्यानंतर २०२० साली साला आणि गोबे या दोन संशोधकांनी अशा ५४ अभ्यासांतील सुमारे सात हजार मुलांची एकत्रित छाननी केली. मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निःपक्षपातीपणे केली आणि संगीताच्या गटाची तुलना दुसरे काही तरी शिकणाऱ्या गटाशी केली, तर बुद्धीवर व शालेय प्रगतीवर होणारा परिणाम जवळजवळ शून्य उरतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सर्वच विद्वानांना तो मान्य आहे असे नाही. वाद चालू आहे. पण पालकांना ज्या खात्रीने आश्वासन दिले जाते, तेवढ्या खात्रीला शास्त्राचा आधार नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येईल.

मग वाद्य वाजविणारी मुले शाळेतही हुशार दिसतात ती का? याचे एक साधे कारण असू शकते. ज्या घरात मुलाला वाद्य शिकविले जाते, त्या घरात बहुधा पुस्तके असतात, वेळेची शिस्त असते, मुलाजवळ बसावयास कोणाला तरी सवड असते. गुण वाढतात ते त्या घरामुळे. श्रेय मात्र तबल्याला जाते.

याचा अर्थ वाद्याचा शरीरावर व मेंदूवर काहीच परिणाम होत नाही असा मुळीच नव्हे. १९९५ साली जर्मनीतील संशोधकांनी तंतुवाद्ये वाजविणाऱ्यांच्या मेंदूची तपासणी केली. तारा दाबणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूतील जो भाग राबतो, तो त्यांच्यात इतरांहून मोठा आढळला. आणि ज्यांनी लहान वयात सुरुवात केली होती, त्यांच्यात तो विशेष मोठा होता. म्हणजे सरावाने मेंदू बदलतो, यात शंका नाही. पण जो सराव केला तेवढ्यापुरता बदलतो. बोटांचा सराव बोटांना फळतो. तो आपोआप जाऊन त्रैराशिकाला मदत करील, असे मानण्यास आधार नाही.

गुणांसाठी वाद्य शिकविण्यात आणखी एक धोका आहे आणि तो अधिक गंभीर आहे. जी वस्तू दुसऱ्या कशासाठी तरी आणली, ती ते दुसरे साधले की टाकून दिली जाते, आणि साधले नाही तरी टाकूनच दिली जाते. महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावीच्या निकालात अतिरिक्त गुण देण्याची तरतूद झाली. हेतू चांगला होता. परंतु त्या गुणांपुरती परीक्षा देऊन, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी पेटीचे झाकण कायमचे लावणारे विद्यार्थीही त्यातून निर्माण होणे अपरिहार्य होते. आपल्या जुन्या पिढीतही निराळ्या रूपाने हेच घडत असे. मुलीला पेटी शिकविली जाई, कारण पाहण्याच्या कार्यक्रमात ‘गाणे-बजावणे येते’ असे सांगता यावे. लग्न ठरले की पेटीचे काम संपले. सासरी जाणाऱ्या सामानात ती क्वचितच असे. तिला काय आवडते, हे कोणी विचारले नाही. शिकण्याचा हेतूच परका असल्यामुळे ते विचारण्याची गरजही भासली नाही. फायद्यासाठी शिकविलेली कला फायद्याबरोबर मरते, हा अनुभव आपल्या घराघरांत आहे.

तेव्हा गुणांचा मुद्दा बाजूला ठेवून, वाद्यापुढे बसलेला विद्यार्थी प्रत्यक्षात काय करतो, ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे तो स्वतःची चूक स्वतःच्या कानाने ऐकावयास शिकतो. शाळेतील उत्तर चुकले की नाही, ते तपासणारा सांगतो, आणि तेही पुष्कळ दिवसांनी. व्हायोलिनवर तर पडदेही नसतात. बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो आणि वाजविणाऱ्याला तत्क्षणी कळते. तेथे सबब चालत नाही, वशिला चालत नाही, अक्षर सुंदर काढून अज्ञान झाकता येत नाही. शिवाय चूक कळल्यावर रागावणारेही कोणी नसते. बोट किंचित पुढे घ्यावयाचे आणि पुन्हा वाजवावयाचे, इतकेच. आपली चूक पाहणे, तिने खचून न जाणे आणि ती दुरुस्त करणे, ही तिन्ही कामे एका श्वासात करण्याची सवय फार थोड्या विषयांत लागते.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत. तो दीर्घकाळ व्हावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदरपूर्वक व्हावा. वाद्य शिकणाऱ्याला या तिन्ही अटींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून इतिहासाचा पेपर निभावता येतो. पण एका रात्रीत तबल्यावर हात बसत नाही. आठ दिवस रियाज चुकला की नवव्या दिवशी बोटेच साक्ष देतात. आणि आदराचे म्हणाल, तर वाद्याला पाय लागू नये, बसण्यापूर्वी त्याला हात लावून नमस्कार करावा, दसऱ्याला त्याची पूजा करावी, हे संस्कार आपल्याकडे अजून आहेत. मिरजेला गेल्या शतकाच्याही आधीपासून सतार आणि तंबोरे घडविले जातात. शस्त्रांचे काम करणारे शिकलगार कारागीर तेथे वाद्यांच्या दुरुस्तीकडे व मग घडणीकडे वळले, आणि फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ती परंपरा चालू झाली. पंढरपूरच्या बाजूस पिकणारे मोठे भोपळे वाळवून त्यांचे तुंबे होतात. २०२४ साली या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एका तंबोऱ्यामागे शेतकऱ्याचे, सुताराचे आणि जवारी काढणाऱ्याचे किती कष्ट आहेत, हे ज्या मुलाला कळले, तो वस्तू जपावयास शिकतो. ज्या घरात दर वर्षी नवा फोन येतो, त्या घरात एखादी वस्तू तीन पिढ्या टिकवावयाची असते हे मुलाला दुसरे कोण सांगणार?

तिसरी गोष्ट संगतीची. तबलजीला गायकाच्या मागे राहून त्याला सांभाळावयाचे असते. त्याचे कौशल्य कितीही असो, ठेका सोडून स्वतःचीच करामत दाखवू लागला तर मैफल बिघडते. केव्हा वाजवावे याइतकेच केव्हा थांबावे हे महत्त्वाचे असते. चारजण मिळून वाजवू लागले की प्रत्येकाला समेवर यावेच लागते, मग तो श्रीमंताचा मुलगा असो वा गरिबाचा.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘म्हणजे वाद्य शिकल्याने सत्य, चिकाटी आणि नम्रता हे गुण अंगी येतात, असेच ना?’ येथे फार सावधपणे बोलले पाहिजे. असे झाले असते तर सारेच कलावंत सत्पुरुष झाले असते. प्रत्यक्षात कलावंतांमध्ये मत्सरी आहेत, तापट आहेत, व्यसनी आहेत, वचन मोडणारे आहेत. इतर माणसांत असतात तसेच आणि तितकेच. याहूनही भयंकर उदाहरण युरोपच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑश्वित्झच्या छळछावणीत बंदिवान स्त्रियांचा एक वाद्यवृंद होता. १९४३-४४ साली आल्मा रोझे ही व्हायोलिनवादिका, जी स्वतः बंदिवान होती, त्याचे संचालन करीत असे. छावणीचे अधिकारी तिचे संगीत रसिकतेने ऐकत, आणि नंतर उठून आपले संहाराचे काम करावयास जात. संगीताच्या प्रेमाने त्यांचा हात थांबला नाही. त्याच वाद्यवृंदामुळे त्यातील कित्येक स्त्रियांचे प्राण वाचले, हेही खरे. पण ऐकणाऱ्यांचे हृदय पालटले म्हणून ते वाचले नाहीत.

तेव्हा बुद्धीच्या बाबतीत जे आढळले, तेच नीतीच्या बाबतीतही खरे आहे. बोटांचे कौशल्य आपोआप गणितात उतरत नाही. त्याचप्रमाणे सुरांतील सचोटी आपोआप व्यवहारात उतरत नाही. ती उतरवावी लागते. वाद्य मुलाला सचोटीची, धीराची आणि संगतीची तालीम देते. ती तालीम वाद्यापुरतीच ठेवावयाची की आयुष्यात न्यावयाची, हे त्या मुलाने ठरवावयाचे असते, आणि त्याला ती वाट दाखविणे हे घराचे व गुरूचे काम असते. सूर लागला नाही तर मुलगा पुन्हा लावतो. मित्राशी खोटे बोलला, तर तेथेही पुन्हा सूर लावता येतो, हे त्याला कोणी तरी एकदा सांगावयास हवे. असे सांगणारे घर नसेल, तर विशारदाची पदवी भिंतीवर लागेल आणि माणूस होता तेथेच राहील.

मग शेवटी प्रश्न उरतोच. गुणांची खात्री नाही, सद्गुणांचीही खात्री नाही. तर शिकावे कशासाठी?

याज्ञवल्क्य स्मृतीत यासंबंधी एक विलक्षण विधान आहे. वीणावादनाचे मर्म जाणणारा, श्रुती व जाती यांत निपुण असलेला आणि तालाचे ज्ञान असलेला मनुष्य मोक्षाच्या मार्गाला अनायासे लागतो, अशा अर्थाचे ते वचन आहे. त्यातील ‘अनायासे’ हा भाव प्रथम वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटतो. ज्या विद्येसाठी वर्षानुवर्षे बोटे झिजवावी लागतात, तिच्या संदर्भात अनायास कसला? विचार केल्यावर त्याची संगती लागते. कष्ट तेथे असतातच. पण जे काम त्या कामासाठीच केले जाते, त्याच्या कष्टांचे ओझे होत नाही. पाऊण तास पलटे घोटून उठलेला मुलगा दमलेला असतो, तरी उद्या पुन्हा बसावेसे त्याला वाटते. ज्या श्रमांना पुढील फळाची टांगती तलवार नसते, ते श्रम जाणवतात निराळे. कर्मावर अधिकार, फळावर नाही, ही गीतेची शिकवण आपण सर्वांनी ऐकलेली असते. पण दहावीच्या मुलाला तिचा अनुभव कोठे मिळावा? त्याची शाळा परीक्षेसाठी असते, परीक्षा प्रवेशासाठी, प्रवेश नोकरीसाठी, आणि नोकरी आणखी कशासाठी तरी. त्याच्या दिवसातील प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या पुढच्या तासाला गहाण पडलेला असतो. सारा दिवस असा गहाण टाकलेल्या मुलाला निदान अर्धा तास तरी असा असावा, की ज्याचे फळ त्या अर्ध्या तासातच आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या ‘राजनीती’ या ग्रंथाच्या आठव्या भागात हाच प्रश्न चर्चेला घेतला आहे. मुलांनी संगीत केवळ ऐकावे की स्वतः वाजवावे, असे तो विचारतो आणि उत्तर देतो की वाजवावे, कारण ज्याने स्वतः कधी हात घातला नाही तो चांगला पारखी होणे कठीण. मात्र स्पर्धेतील करामतींसाठी मुलांनी आयुष्य वेचू नये, असेही तो बजावतो. माणसाला काम नीट करता आले पाहिजे, तसेच फुरसतही नीट घालविता आली पाहिजे, हा त्याच्या विवेचनाचा गाभा आहे.

याला आपल्या मराठी माणसांतील उदाहरण हवे असेल तर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे घ्यावे. १८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकले. पुढे कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली केली. सतारीमुळे त्यांना परीक्षेत किती गुण अधिक मिळाले, हे कोणी विचारले नाही, आणि सतारवादक म्हणून त्यांनी नावही मिळविले नाही. परंतु त्या सतारीने त्यांचे कान तयार केले. पुढे देशभर हिंडून त्यांनी उस्तादांकडून शेकडो चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत लिहून काढल्या, रागांची थाटपद्धतीने मांडणी केली आणि हे सारे पुस्तकरूपाने सर्वांना खुले केले. १९१८ साली ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, ते त्यांच्याच योजनेने. एका विद्यार्थ्याने फावल्या वेळी, कोणताही हिशेब न धरता शिकलेल्या वाद्यातून केवढे कार्य उभे राहिले! अर्थात प्रत्येक सतार शिकणारा भातखंडे होणार नाही, आणि होण्यासाठी शिकूही नये. पण हिशेब धरून शिकणाऱ्याच्या हातून असे काही होणे अधिकच कठीण.

दुसरे उदाहरण आपल्याच प्रदेशातील मैहरचे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या साथीत तेथे पुष्कळ मुले अनाथ झाली. मैहर दरबारातील उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अशा मुलांना गोळा करून त्यांना वाद्ये शिकविली आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला. तोच पुढे मैहर बँड म्हणून प्रसिद्ध झाला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचे नवे वाद्य तयार केले. शिकविताना उस्ताद अत्यंत कडक असत. परंतु ज्या मुलांना जगात कोणी नव्हते, त्यांना त्यांनी एक स्थान दिले. त्या मुलांना त्यातून उपजीविकाही मिळाली, हे विसरू नये. उस्ताद मुसलमान होते आणि मैहरच्या शारदामातेचे निस्सीम भक्त होते. या दोहोंत त्यांना कधी विरोध वाटला नाही. त्यांच्या कन्या अन्नपूर्णा देवी सुरबहारच्या थोर वादिका. त्यांनी जाहीर मैफली सोडल्या, पण रियाज व शिकविणे सोडले नाही. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्यांनी त्यांच्याकडे मार्गदर्शन घेतले. २०१८ साली त्या निवर्तल्या. व्यासपीठ नसतानाही वाद्य वाजविण्याला अर्थ असतो, याचा याहून मोठा दाखला नाही.

या उस्तादांच्या नावाची संगीत अकादमी १९७९ साली आपल्या भोपाळात स्थापन झाली. १९८१ साली येथे ध्रुपद केंद्र सुरू झाले आणि झिया फरीदुद्दीन डागर यांनी तेथे गुरु-शिष्य पद्धतीने विद्यार्थी तयार केले. १९८२ साली मोठ्या तलावाच्या काठी भारत भवन उभे राहिले. थोर वादकांना समोर बसून ऐकण्याची संधी या नगरीने अनेकदा दिली आहे. पण ॲरिस्टॉटल म्हणतो त्याप्रमाणे पारखी कान घरातच तयार व्हावे लागतात. श्रोतेच नसतील तर सभागृहे कितीही बांधली तरी ती रिकामीच राहतील.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. मुलाला कल नसेल तर जबरदस्ती करू नये. आपल्या मनात राहून गेलेली हौस मुलाकडून भागवून घेणे हाही एक प्रकारचा हिशेबच आहे. रविवारी दोन तास बसविण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसवावे. पाहुणे आले की ‘जरा वाजवून दाखव’ हा आग्रह टाळावा. शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच करू नये. परीक्षेच्या महिन्यांत वेळ कमी करावा, पण वाद्य बंद करू नये. दहा मिनिटे का होईना, बोटे फिरत राहू द्यावीत. मुलगा आणि मुलगी यांत भेद करू नये. मुलगी सासरी निघाली तर तिचा तंबोरा तिच्याबरोबर जावा. आणि हे करताना मुलाजवळ घरातील कोणी तरी थोडा वेळ बसावे. त्या बसण्यात काय बोलावे, हे वर सांगितलेच आहे.

वाद्याचा खर्च सर्वांना झेपत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर एक उपाय आपल्याच हाती आहे. भजनासाठी म्हणून मंदिरात पेटी, पखवाज, तबला, टाळ अशी वाद्ये असतात. उत्सवाचे व भजनाचे दिवस सोडले, तर ती एरवी कपाटात बंद असतात. ज्या मुलांच्या घरी वाद्य नाही, त्यांना ठरलेल्या वेळी मंदिरात बसून ती वाजवू द्यावीत आणि परिवारातील जाणत्या मंडळींनी आठवड्यातून एखादा तास त्यांना द्यावा, अशी नम्र सूचना आहे. मुलांच्या हातून एखादी पुडी फुटेल, भाता फाटेल, तर तो दुरुस्त करता येतो. न वाजविता ठेवलेल्या वाद्याला मात्र वाळवीच लागते.

आपल्या वारकरी सप्ताहात एक प्रथा आहे. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात ती घालतो आणि नमस्कार करून बाजूला होतो. वीणेकरी फार मोठा वादक असतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ तारा छेडीत उभा असतो. त्याला त्यातून काय मिळते, असे आजवर कोणी विचारलेले नाही. आपल्या मुलांच्या वाट्यालाही असा एखादा पहारा यावा आणि तो त्यांनी मनापासून करावा, एवढीच अपेक्षा. ज्यांच्या घरी माळ्यावर पेटी आहे, त्यांनी या दसऱ्यापूर्वी ती खाली काढून झाडून पुसून ठेवावी आणि मुलांच्या हाती द्यावी, ही सर्व परिवाराला विनंती.